साधाच बटाटा

वजन वाढण्याच्या धास्तीने अन्न टाळून दिवसेंदिवस काडीसारखी होत चाललेली लेक आज कशीबशी कबूल झाली, “नुसता भाजलेला बटाटा खाईन. वर काहीही नको.” आईला तेवढ्यानेही हत्तीचं बळ आलं. ओव्हनमधून बटाटे काढून तिने बाकीच्यांच्या बटाट्यांवर चीज, साय, कांदापात रचली. लेकीच्या बटाट्याचा गर मात्र अलगद कोरला, लोणी, चीज घालून घोटला, पुन्हा सालीत भरला आणि वर कोरड्या गराचा थर लावला. बघणाऱ्याला साधाच बटाटा! जेवताना लेकीने एक घास घेतला. चावता चावता थांबली. “आई, यात लोणी आहे?” टेबलाखालून बाबाने आईचा पाय दाबला: ‘नाही म्हण गं, नाही म्हण!’ पण पोरीच्या खोल गेलेल्या डोळ्यांसमोर खोटं बोलायला आईची जीभ रेटेना. “आहे गं, बाळा.” लेकीने चमचा खाली ठेवला. “नाही म्हणायचंस ना, आई. मी खाल्ला असता.”