हाक मारा, बस थांबेल

ही २०५८ सालची गोष्ट. तेव्हा सोनवडीत नगरपालिकेच्या निवडणुकीआधी प्रत्येक उमेदवाराचं वाहतुकीचं धोरण बिनचालकाच्या बसवर एक दिवस चालवून दाखवत. त्या दिवशी निशिकांत भोईट्यांची पाळी होती. थांबे रद्द, हाक मारा, बस थांबेल!

द्वारकाबाई घोलपांच्या धाकट्या बहिणीला अकरा वाजता ऑपरेशनला आत नेणार होते. दवाखाना दिसताच त्या ओरडल्या, "थांबा!"

"थांबे रद्द झाले आहेत," बस नम्रपणे म्हणाली आणि पुढे गेली. दारं बंदच. गावाला तिसरा वळसा झाला. खुद्द भोईटेही आतच अडकले होते, घसा बसेपर्यंत "थांबा, थांबा" करत.

"हेच का तुमचं धोरण, भाऊ?" द्वारकाबाई फणकारल्या.

"आजी, किती आदरानं सांगतोय हिला!"

अकराला पाच कमी होते. दवाखाना पुन्हा आला आणि द्वारकाबाईंचा धीर सुटला. "अगं ए भवाने, थांब की!"

बस थांबली. 'थांबा' म्हणजे बसथांबा, एवढंच ती समजत होती. एकेरीत तिला कोणी हाकच मारली नव्हती.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारातच द्वारकाबाईंनी बहिणीचा हात धरला. ती बरी झाली, पुढे नऊ वर्षं जगली. भोईटे निवडणुकीत पडले आणि नंतर कायम सायकलवर दिसायचे. द्वारकाबाई मात्र मरेपर्यंत बसमध्ये दाराशीच उभ्या राहायच्या. रिकामी जागा असली तरी बसत नसत.