वाटीवरचं नाव

एरवी शालन प्रत्येक भांडं विसळूनच डिशवॉशरमध्ये लावायची. खरकट्यातल्या लाळेवरून कुणाला जेवण किती आवडलं, हे मशीन दारावर लिहून दाखवायचं, आणि घरात असली चुगली तिला नको असायची.

आज मात्र तिने नळाला हातही लावला नाही. आमटी समोरच्या ठकारबाईंनी पाठवली होती, आणि अच्युतने ती दोनदा वाढून घेतली होती.

"बरी होती," तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला. "पण तुझ्या आमटीची सर नाही."

"कळेलच आता," असं पुटपुटत तिने दोघांच्या वाट्या जाळीत उपड्या घातल्या आणि दार लावलं. मशीन थोडं घुमलं. दारावर अक्षरं उमटली.

पहिली वाटी, दहापैकी पाच. ही आपली, शालनने मनाशी धरलं. दुसरी वाटी, साडेनऊ.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बत्तीस वर्षं आपल्या हातचं जेवून हा माणूस त्या बाईच्या आमटीला साडेनऊ देतो. आता वाटीच नेऊन त्याच्यापुढे आपटायची, म्हणून तिने दार उघडून ती बाहेर ओढली. दोघांच्या वाट्यांवर लग्नातच नावं कोरून घेतलेली होती.

तिच्या हातातल्या वाटीवर लिहिलं होतं, सौ. शालन.

"काय म्हणतंय गं मशीन?" अच्युतने विचारलं.

"बिघडलंय," ती म्हणाली आणि तिने नळ सोडला.