डाळ शिजेना

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सालच्या दुष्काळात गावाला दोन गोष्टी मिळाल्या: गल्लीला हापसा आणि शाळेला काचेच्या परीक्षानळ्या. हापशाच्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजेना, आणि शाळकरी सिंधूची आजी रोज सुनेवर करवादायची, “हिच्या हातालाच गुण न्हाई!” उजळणीच्या तासाला सरांनी दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस न देणारं पाणी शिकवलं, तशी सिंधूनं दोन नळ्या मागून आणल्या. एकीत टँकरचं पाणी, दुसरीत हापशाचं. दोन्हींत साबणाचा चुरा टाकून खळाखळा हलवल्या. टँकरच्या नळीत फेस तोंडाशी आला, हापशाच्या नळीत नुसता चोथा तरंगला. “ज्या पाण्याला फेस न्हाई, त्यात डाळ शिजत न्हाई, आजी! आईचा काय दोष?” आजीनं नळी उजेडाला धरली, पुन्हा हलवली. मग हळूच म्हणाली, “जुन्या विहिरीच्या तळचं पाणी आण, तेबी नळीत घालून बघू. नवी नवरी व्हते, तवा त्या पाण्यात माझीबी डाळ शिजत नव्हती.”