पाखराला मोजता येत नाही

ते साल एकोणीसशे चौपन्न. चैत्र सरत आला होता आणि पनवेलच्या खाडीकाठच्या मिठागरात टिटवी अंड्यांवर बसली होती.

रोज सकाळी रहीम आणि भामा बांधावरून बरोबर चालत जायची आणि भामा एकटी परत यायची. टिटवीसाठी हे करावं लागे. बांधाच्या शेवटाला रहीमने गोणपाटाची खोपी उभी केली होती. पुढच्या भोकातून कॅमेऱ्याचं तोंड घरट्याकडे, मागे आत शिरायला गोणपाटाचाच पडदा. एकटा माणूस आत शिरला, तर टिटवी ओरडत घिरट्या घालत राही. दोघं गेली आणि एक बाहेर पडलं, की तिला वाटे, माणूस गेला. मग ती गुपचूप येऊन अंड्यांवर बसे.

"पाखराला मोजता येत नाही," रहीमने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "फक्त जाणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. वळलं की तिला संशय येतो."

भामाने एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

रहीमचा पनवेलच्या बाजारात फोटोचा स्टुडिओ होता. मुंबईच्या एका संस्थेला शाळांतून दाखवायला टिटवीची फिल्म हवी होती; अंड्यातून पिल्लं बाहेर येतात ती फिल्म. कॅमेरा आणि रिळं त्यांचीच. हे काम संपलं की रहीम बोटीने मोंबासाला जायचा होता. तिथे त्याच्या थोरल्या भावाचं दुकान होतं. स्टुडिओ विकून झाला होता.

भामा मिठागरावर राबायची. नवरा, शिवा, तापाने गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात सासू, गुणाबाई. ती दिवसभर खोपटाच्या दारात बसून बांधावर नजर ठेवी.

"शेट, अंडी टिटवीची, आन उबवतंय कोन? आमची भामा," गुणाबाई म्हणायची.

ते खोटं नव्हतं. रहीम पनवेलला परतला की घरटं भामाच राखायची. कुत्री हाकलायची, मीठ वाहणाऱ्या बायकांना दुसऱ्या बांधाने पाठवायची.

"पाखराला मोजता येत नाही म्हणून निभावतंय, मावशी," रहीम हसून म्हणे.

"पाखराला नसंल येत. मला येतं. दोन गेली, एक आली. रोज मोजते मी."

"तुमचा हिसाब पक्का, मावशी."

दुपारी तो दारापुढच्या सावलीत बसून कॅमेरा पुसायचा. भामा बघत राहायची. चावी कशी द्यायची, कळ कशी दाबून धरायची, हे त्याने तिला दाखवलं होतं.

"घड्याळासारखंच हाय की," ती म्हणाली.

"घड्याळात वेळ निघून जाते. यात राहते."

"आमच्या शिवाचा फोटू नाय," भामा म्हणाली. "आता तोंड पन नीट आठवत नाय."

रहीमने काचेवरची धूळ फुंकली.

एका संध्याकाळी अंड्यांना चिरा गेल्या. आतून बारीक चिवचिव ऐकू येऊ लागली. दुसऱ्या सकाळी दोघं खोपीत शिरली. टिटवी डोक्यावर ओरडत होती. रहीम त्याच दुपारी मुंबईला निघायचा होता.

भामा बाहेर पडेना.

"शेट, आज मी बसू?"

"एकच रीळ उरलंय, भामाबाई."

"म्हाईत हाय."

"पिल्लं निघताना बघायचीत?"

"रोज मीच पाठ फिरवून जाते. एक डाव तुमी जा."

रहीम तिच्याकडे बघत राहिला. एवढे दिवस तो याच एका सकाळसाठी खोपीत बसला होता. मग त्याने कॅमेऱ्याची चावी पुरती फिरवून दिली आणि तिला जागा करून दिली.

"कळ सोडायची नाही. चावी संपली की पुन्हा द्यायची. रीळ संपेपर्यंत."

"व्हय."

तो पडदा सारून बाहेर पडला आणि बांधावरून चालू लागला. मागे टिटवी काही वेळ ओरडली, मग गप्प झाली. म्हणजे बसली.

"आज मीच चुकले," खोपटाच्या दारात बसलेली गुणाबाई त्याला म्हणाली. "लांबून वाटलं, भामाच आली."

ऊन डोक्यावर आल्यावर भामा कॅमेरा घेऊन परतली. तिचे डोळे लाल झाले होते. मिठावरचं ऊन डोळ्यांना बाधतंच.

"निघाली?" रहीमने विचारलं.

"चारी निघाली. आयशीच्या मागं पळाली पन."

"सगळं आलं रिळात?"

"रीळ संपलं," भामा म्हणाली.

रहीमने रीळ काढून डब्यात घातलं आणि डबा पिशवीत ठेवला. "जातो, भामाबाई."

"जातो म्हनू नये, शेट. येतो म्हना."

"येतो."

"या."

रहीमने रिळं संस्थेत पोचती केली आणि तो बोटीत बसला. मोंबासाला भावाचं दुकान त्याने पुढे वाढवलं, तिथल्याच ताहिराशी निकाह केला, नातवंडं पाहिली. टिटवीची पिल्लं निघताना आपण पाहिली नाहीत, पण ती फिल्मवर आहेत, असं तो त्यांना सांगायचा. तो परत आला नाही. त्याची कबर तिकडेच आहे. गुणाबाई दोन-तीन पावसाळ्यांतच गेली. भामा मिठागर बंद होईपर्यंत तिथेच राबली, मग विचुंब्याला भाचीकडे राहायला गेली आणि पुष्कळ म्हातारी होऊन वारली. मिठागराच्या जागी आता भराव आहे.

फिल्म शाळाशाळांतून वर्षानुवर्षं दाखवली गेली. टिटवी येते, अंडी पायांनी सारखी करते, बसते. तिथेच ती संपायची. शेवटचं रीळ संस्थेतल्या माणसाने एकदाच भिंतीवर लावून पाहिलं आणि वाया गेलेल्यांत टाकून दिलं. त्यात टिटवी कुठेच नव्हती. होता तो मागच्या पडद्याच्या फटीतून दिसणारा लांबलचक बांध आणि त्यावरून पाठमोरा चालत जाणारा रहीम. चावी संपते तिथे चित्र तुटतं, पुन्हा सुरू होतं तेव्हा तो आणखी लहान झालेला असतो. आणि अगदी शेवटी, ठिपक्याएवढा उरल्यावर, तो जागीच थांबतो, बराच वेळ उभा राहतो, पण मागे वळून बघत नाही.