मुक्त खेळाचा फोटो

"हलू नका. खेळणं छातीशी धरा. हसा."

पोरं हसली. अंगणवाडीच्या यमुनाताईंनी फोटो पाठवला, खेळणी गोळा करून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मोडली, तर पुढच्या महिन्यात फोटो कशाचा काढणार?

लगेच पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला. "अहो ताई, पोरं खेळत कुठं आहेत? नुसती उभी आहेत. वरून मुक्त खेळ मागितलाय. बारापर्यंत पाठवा, नाहीतर नोटीस निघेल."

दमलेल्या ताई ओट्यावर आल्या, तर अंगणात पोरं खेळत होती. चार वर्षांची ईश्वरी फुटकं कौल डोळ्यासमोर धरून उभी होती. समोर बाकीची पोरं दगड, चप्पल, काटकी, जे मिळेल ते छातीशी धरून उभी.

"ए, हलू नको. हस की नीट. झालं, आणा आता इकडं." ईश्वरीनं सगळं बादलीत भरलं आणि हवेतच कुलूप लावलं. "हात लावायचा नाय. मोडलं की मॅडम वरडत्यात."

असा मुक्त खेळ पुन्हा मिळणार नव्हता. ताईंनी मोबाइल उचलला.

"उभं ऱ्हावा रे," ईश्वरी म्हणाली, "खरा फोटो आला." खेळ तिथंच थांबला. सगळी रांगेत उभी राहून हसली.

बारा वाजत आले होते. ताई पायरीवर बसल्या, मोबाइल पिशवीत टाकला आणि कपाटाची किल्ली ईश्वरीच्या हातावर ठेवली.

"मोडलं म्हंजे?"

"मोडू दे. फोटो देऊन देऊन खेळणीही दमलीत."