कोलोमनचा डबल बास

“दोनशे,” ओतिलिया म्हणाली.

इम्रिखला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. खिशातल्या पाकिटात चारशे युरो होते आणि आल्या आल्या त्याने तसं सांगूनही टाकलं होतं. भाव करणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. पण समोरच्याने आकडा ऐकून तो निम्म्यावर आणावा, हे त्याने साठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

“लाकडाला कीड लागलीय का?”

“कीड तुझ्या डोक्यात लागलीय. बघून घे की.”

डबल बास, व्हायोलिनच्या घाटाचं पण माणसाहून उंच असं ते वाद्य, कोपऱ्यात, शेगडीपासून लांब, भिंतीकडे तोंड करून उभा होता. इम्रिखने तो हळूच वळवला. पोटावर बोटाने टकटक केली, कान लावला. कुठे फट नव्हती, कुठला जोड सुटला नव्हता. फक्त तारांवर धूळ होती.

त्याचा स्वतःचा डबल बास गेल्या आठवड्यात गेला. पाठीवर तो घेऊन इम्रिख बर्फावरून घसरला. इम्रिखला खरचटलंसुद्धा नाही. वाद्याची मान मोडली आणि पोट उभं चिरलं. शहरातल्या कारागिराने ते नुसतं पाहिलं आणि मेलेल्यापुढे काढावी तशी डोक्यावरची टोपी काढली. दुकानातला सगळ्यात स्वस्त, प्लायवूडचा, बाराशे युरोंना होता. आणि गावच्या वाजंत्री मेळ्याचा म्होरक्या, व्हायोलिनवाला वेंडेलिन, म्हणाला होता, “मंगळवारपर्यंत आण बाबा. नाहीतर शहरातून की-बोर्डवाला बोलावतो. तू दोन हातांनी करतोस ते तो एका बोटाने करतो.”

वेंडेलिनची जीभच तशी. पण इम्रिखला रात्रंदिवस तेच ऐकू येत होतं. तो एकटा राहायचा. चर्चमध्ये तो दिसला नाही, दारूच्या गुत्त्यात दिसला नाही, तर कुणाच्या लक्षात यायचं नाही. मेळ्यात मात्र डबल बास थांबला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळायचे. आपण नाही हे लोकांना कळतं, अशी जगात तेवढी एकच जागा होती.

आणि ती जागाही मुळात त्याची नव्हती. ती ओतिलियाच्या नवऱ्याची, कोलोमनची. अकरा वर्षांपूर्वी कोलोमन एका सकाळी खाणीत उतरला, खाली आग लागली, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यासकट चार माणसं आत असताना खाणीचं तोंड काँक्रीटने बंद करावं लागलं. खाणीच्या फाटकावर चार नावांची पाटी आहे. दफनभूमीत काहीच नाही. त्या हिवाळ्यात वेंडेलिनने इम्रिखला बोलावलं, तात्पुरतं म्हणून. कोलोमनच्या वाद्याबद्दल मात्र गावात कधी कुणी ओतिलियाला विचारलं नाही. इम्रिखनेही विचारलं नसतं. काल तिनेच निरोप धाडला.

त्याने जाड तार ओढली. आवाज जमिनीतून आल्यासारखा आला. कपाटातले काचेचे पेले थरथरले. ओतिलियाने चटकन कपाटाच्या दारावर तळवा टेकला.

“शंभरदा सांगितलं त्याला, या खोलीत वाजवू नकोस म्हणून,” ती म्हणाली.

पेले थांबले तरी तिने हात काढला नाही. इम्रिखला कुठे बघावं कळेना. त्याने पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“चारशे घ्या, ओतिलिया. एवढ्या स्वस्तात नेला तर गाव म्हणेल, बाईला फसवलं.”

“तू? तू कोंबडीला फसवू शकत नाहीस. दोनशेच. पण एक अट आहे.”

इम्रिखला हायसं वाटलं. अट त्याला ठाऊक होती. रस्त्यात येतानाच त्याने त्या अटीचा विचार केला होता. बुधवारी ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस लागतात, गावात वाद्य वाजत नाही. म्हणून आदल्या मंगळवारी नाच संपला की डबल बासचं खोटं खोटं दफन करतात, आणि ईस्टरला त्याला पुन्हा उठवून वाजवतात. फळीवर निजवतात, वर पांढरी चादर घालतात. खोटा पाद्री बादलीत केरसुणी बुडवून पाणी शिंपडतो. आणि वाद्याची विधवा होते ओतिलिया. पूर्वी हे काम सुतार करायचा, बायकोचा झगा घालून. मग एका वर्षी ओतिलियाने ते मागून घेतलं. ती चादरीवर अंग टाकते, “मला कुणाच्या भरवशावर टाकून गेलास रे, आता माझ्याबरोबर नाचणार कोण?” म्हणून असा हंबरडा फोडते की हसून हसून लोकांच्या पोटात दुखतं. तिला बघायला तीन गावांतून माणसं येतात. इम्रिखही दरवर्षी आपल्या वाद्याशेजारी उभा राहून हसतो, डोळे पुसतो आणि म्हणतो, “यंदा तर तुम्ही कहर केलात.”

“कळली अट,” तो म्हणाला. “कोलोमनच्या वाद्याची थट्टा होऊ देणार नाही. मंगळवारी चादरीखाली माझा मोडकाच ठेवू. मी सांगतो वेंडेलिनला.”

“नाही.” ओतिलियाने पाकिटातून दोनशे युरो मोजून घेतले आणि पाकीट त्याच्याकडे सरकवलं. “हाच ठेवायचा. पुरलेल्याला ईस्टरला पुन्हा उठवायचं असतं, ते माझ्याच्याने व्हायचं नाही. ते तू करशील, म्हणून तुला विकतेय.”

इम्रिखला काही उमगेना. “मग अट कसली?”

ती कपाटाकडेच बघत होती.

“अकरा वर्षं तुझ्या डबल बासवर रडतेय मी, इम्रो. यंदा मला त्याच्यावर रडू दे.”