वाणवळा

अ‍ॅपवर आमच्या घरगुती आंबापोळीच्या प्रत्येक ऑर्डरखाली हिरव्या आकड्यात अंदाजे नफा दिसायचा, खात्यात मात्र त्याच्या निम्मेच पैसे जमा व्हायचे. आणि मुंबईची नोकरी सोडून रत्नागिरीला परत यायचं की नाही, हे माझा नवरा ऋत्विक त्या खात्यावरूनच ठरवणार होता.

लेकीला कडेवर घेऊन मी एकेक ऑर्डर तपासली. वजन जास्त भरलं म्हणून कुरियरवाल्यांनी पैसे कापले होते, तेही फक्त मुंबईच्या पार्सलांवर. आज निघायचा खोका मी उघडला, तर आंबापोळीखाली आमसुलांची पुडी दडवलेली.

"आई, हे कुणी मागवलंय?"

"मागवायला कशाला हवं गो? वाणवळा तो," सासूबाई म्हणाल्या. "नुसतं विकलेलं कसं धाडायचं कुणाच्या घरी? आपला ऋत्विक तिथं खानावळीत जेवतो. यातलं कुणीतरी त्याला एखाद दिवस घरी जेवायला बोलावील."

मी पुडी तशीच आत ठेवून खोक्याला चिकटपट्टी लावली आणि ऋत्विकला फोन केला.

"एवढ्यात राजीनामा देऊ नकोस."